देवकत्यांची रिकामी खुर्ची

आमच्या ऑफिसात हल्ली सकाळी कुणी नमस्कार म्हणत नाही, "लई लोड आहे" म्हणतात. समोरचा त्यावर "काय सांगू नका" म्हणतो आणि दोघेही चहाला जातात. ऑफिस बीडला आहे, सरकारी आहे. खात्याचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. मी तिथे आस्थापनेला आहे, म्हणजे लोकांच्या रजा, बदल्या, वेतनवाढी माझ्या टेबलावरून जातात. इतकी वर्षं हे बोलणं ऐकून माझं एक मत झालं आहे, की आपल्याला काम किती आहे हे माणूस कसं सांगतो त्यावरून तो कळतो. लेखा शाखेतल्या वाघमारे मॅडमना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि हे त्या पाऊण तास न थांबता सांगू शकतात. आमचे साहेब मीटिंगमध्ये असतात. सीताफळांच्या दिवसांत मी एकदा सही घ्यायला आत गेलो तेव्हा मीटिंग चालू होती. साहेब होते, एक करंडी होती आणि बिया टाकायला कालचा पेपर होता. माझं स्वतःचं वाक्य "डोकं खाजवायला वेळ नाही" हे. वास्तविक माझ्या डोक्यावर आता खाजवण्याजोगं फारसं राहिलेलं नाही.

या सगळ्यात एकच माणूस निराळा होता. बिभीषण देवकते, आवक-जावक लिपिक. त्यांना कुणीही, कधीही "काय चाललंय?" विचारलं तरी उत्तर ठरलेलं असायचं: "काय न्हाई, निवांत हाय. बसा."

आणि बसायला जागा असायची, हे महत्त्वाचं. आमच्या ऑफिसात प्रत्येक टेबलासमोर एक खुर्ची आहे आणि प्रत्येक खुर्चीवर फायलींचा ढीग आहे. त्या फायली बऱ्याचशा निकाली निघालेल्या असतात. पण खुर्चीवर फायली असल्या की आलेला माणूस उभा राहतो, उभा राहिलेला माणूस लवकर जातो, आणि शिवाय आपण कामात बुडालेले दिसतो. ही युक्ती कुणी कुणाला शिकवलेली नाही, नोकरीत मुरता मुरता येते. देवकत्यांच्या समोरची खुर्ची मात्र रिकामी असे. सकाळी आल्यावर ते पिशवीतून फडकं काढायचे आणि आधी ती खुर्ची पुसायचे, मग आपली. टेबल सगळ्यात शेवटी.

उंच, वाळका माणूस. पंचावन्नच्या आसपासचा. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला कायम एक निळा डाग, चष्म्याला दोरी, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. मेंढरं राखणाऱ्या घरातले. गेवराईच्या पुढे आत एक वाडी आहे, तिथून रोज एसटीने येऊन-जाऊन करायचे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याकडे गेलेली. घरात म्हातारे वडील आणि वीसेक मेंढरं. वडिलांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. दिवसा मेंढरं भावकीतला एक गडी हिंडवायचा, पण सकाळची भाकर आणि संध्याकाळची भाकर देवकते करायचे. "आबा माझा आवाज आल्याबिगर भाकर मोडत न्हाई," असं म्हणायचे. म्हणून पावणेसहाची गाडी ते कधी चुकवत नसत. साहेबांनी थांबवलं तरी हात जोडून उभे राहायचे. त्यांनी ऑफिसात कशाला नाही म्हटलं असेल तर एवढ्याच गोष्टीला.

बाकी सगळ्याला हो. "देवकते, एवढी जुनी फाईल शोधून द्या, मला आज लई लोड आहे." "ठिवा चिठ्ठी, रिकामाच हाय मी." "देवकते, हे माहितीचं पत्र जरा संगणकावर चढवता का?" "ठिवा." अंगठ्याचं मशीन बंद पडलं की देवकते, प्रिंटरात कागद अडकला की देवकते, कुणा शेतकऱ्याला अर्ज लिहिता येईना की देवकते. सगळ्या शाखांचं टपाल वेगळं करून ते ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. ते काम खरं तर ज्याचं त्याने करायचं, पण कुणी करत नसे, कारण सगळ्यांना लोड होता. रेकॉर्डरूमची किल्लीही त्यांच्याचकडे. कुठल्या साली कुठल्या कपाटात काय ठेवलं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं.

मार्च महिन्यातली एक दुपार मला आठवते. वर्ष संपत आलेलं, टपालाची पोती आलेली, देवकत्यांचं टेबल दिसेनासं झालेलं. तशात एक म्हातारी आली. आधी ती वाघमारे मॅडमकडे गेली, मग माझ्याकडे. मी मान वर न करता "आवक-जावकला विचारा" म्हणालो. देवकत्यांनी तिला बसवलं. तिचं काम दोन मिनिटांचं होतं, एका अर्जाचा नंबर हवा होता. पण तिने आधी गावचा रस्ता सांगितला, मग सुनेचा स्वभाव, मग एका शेळीला काय झालं होतं ते. देवकते ऐकत होते. मधे एकदा त्यांनी शेळीला कसला पाला घालता म्हणून विचारलंसुद्धा. म्हातारी म्हणाली, "तुमाला काम आसंल, बाबा." ते म्हणाले, "न्हाई माय, निवांत हाय. सांगा तुमी."

ती गेल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. मला जरा राग आला होता. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, ती माझ्याकडून तिकडे गेली आणि खुश होऊन परतली, त्याचा असावा.

"देवकते, कावून खोटं बोलता? एवढं टपाल पडलंय आणि निवांत म्हणे."

त्यांनी शिक्का मारता मारता सांगितलं, ते मी त्यांच्याच बोलीत देतो. "सायेब, आमच्या आबाचं काम मेंढरामागं. मेंढरं काय थांबतेत व्हय? काम कधी सरतच न्हाई. मग आलेल्या माणसाला कामात हाय म्हणलं, तर त्यो बसायचा कधी? म्हणून आमच्यात तसं म्हणत न्हाईत. कामात हाय म्हणणं म्हंजी कुत्रं सोडल्यावानी हाय. ज्याला परत दारात उभा करायचा न्हाई, त्यालाच तसं म्हणायचं."

"मग कधी कुणाला म्हटलंच नाही?"

"आबानं जिंदगीत एकदाच म्हणलंय. माझ्या चुलत्याला. आमी तिकडं नदीकाठाला मेंढरं घेऊन गेलतो, तवा त्यानं मागं आमच्या सात कोकरांच्या कानाला सोताची खूण केलती. आबानं भांडण केलं न्हाई, कोकरं बी मागितली न्हाईत. चुलता दारात आला तवा एवढंच म्हणला, 'कामात हाय जरा.' त्याच्यानंतर चुलता आमच्या वाटंला आला न्हाई."

एवढं सांगून त्यांनी पुढचं पाकीट उघडलं. त्या दिवशीचं टपाल त्यांनी पाच वाजेपर्यंत नोंदवून संपवलं आणि पावणेसहाची गाडी धरली.

त्यांच्या वाडीवर मी एकदाच गेलो. गेवराईला एका लग्नाला गेलो होतो, वेळ होता म्हणून वाट वाकडी केली. पत्र्याचं घर, पुढे काट्यांचं कुंपण, त्यात मेंढरं, आणि कुंपणाच्या तोंडाशी घोंगडीवर बसलेले आबा. मी बूट वाजवत आलो असेन. त्यांनी मान न वळवता विचारलं, "कोण हाय? बसा." नाव विचारण्याआधी बसायला सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मेंढरं आत शिरत होती तशी आबा हाताने प्रत्येकीच्या पाठीला शिवत होते आणि माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलतही होते. देवकते चुलीपुढे भाकरी थापत होते. ऑफिसातल्यापेक्षा तिथे ते मोठ्याने बोलत होते. मी अर्धा तास बसायचं म्हणून गेलो आणि जेवूनच उठलो.

मग गेल्या वर्षी ते पत्र आलं. वरच्या कार्यालयाला शंका आली होती, की आमच्याकडे माणसं जास्त आहेत. प्रत्येकाने एक तक्ता भरायचा होता: डावीकडे काम, उजवीकडे त्याला रोज लागणारा वेळ. मग दोन अधिकारी येऊन पाहणी करणार होते, आणि ज्या पदाला काम पुरेसं नाही ते पद इथून उचलून दुसरीकडे देणार होते. तक्ते जमा करून गोषवारा करण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणी काम केलं नाही, सगळे कामाचे तक्ते लिहीत होते. वाघमारे मॅडमनी "दूरध्वनीस उत्तरे देणे, दीड तास" असं लिहिलं. एकाने "वरिष्ठांच्या सूचनांवर विचार करणे" असं लिहिलं आणि ते साहेबांना आवडलं. मी माझा तक्ता लिहायला बसलो आणि प्रामाणिकपणे लिहून झाल्यावर बेरीज केली, तर चार तास भरले. पुन्हा केली, तरी चारच. मी पेन तोंडात धरून बराच वेळ बसलो. मग खाली दोन ओळी वाढवल्या: "आवक टपालाची शाखानिहाय वर्गवारी करणे" आणि "अभिलेख कक्षातून जुने अभिलेख शोधणे". दोन्ही कामं माझ्या शाखेसाठी होत होती हे खरं. ती मी करत नव्हतो, हेही खरं.

बाकीचे तक्ते आल्यावर पाहिलं, तर हे मला एकट्यालाच सुचलं नव्हतं. टपाल वेगळं करणं चौघांच्या तक्त्यात होतं. संगणकावर माहिती चढवणं तिघांच्या. नागरिकांना अर्ज लिहून देणं वाघमारे मॅडमच्या, आणि अंगठ्याचं मशीन खुद्द साहेबांच्या, "देखरेख" म्हणून.

देवकत्यांचा तक्ता शेवटी आला. त्यात डावीकडे एकच ओळ होती, "टपाल आवक-जावक". उजवीकडे वेळेच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "होऊन जातं."

मी त्यांना बोलावलं. "असं नसतं लिहायचं, देवकते. तास लिहा."

"तास कुणी मोजलेत, सायेब? खरंच होऊन जातं."

"बाकीचं एवढं करता, ते लिहा की."

"ते तुमच्या लोकांचं काम हाय, मी निस्ता हात लावतो," ते म्हणाले. "दुसऱ्याचं काम आपल्या नावावर कसं लिहू?"

गोषवाऱ्यात मी "अर्धा दिवस" लिहिलं.

पाहणीला दोघं आले. त्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या फायली एकदम दुप्पट झाल्या. रेकॉर्डरूममधून गठ्ठे आणून लोकांनी टेबलं भरली होती, आणि ते गठ्ठे काढून दिले होते देवकत्यांनीच. पाहुणे सगळीकडे उभ्या-उभ्या हिंडले. ज्याच्याकडे जावं तो फोनवर. शेवटी ते देवकत्यांपाशी आले. देवकत्यांनी खुर्ची पुसली, आपली स्वतःचीही दुसऱ्याला दिली, आणि चहा सांगितला.

"कामाचा ताण कितपत असतो?" एकाने विचारलं.

"कशाचा ताण, सायेब. निवांत हाय. बसा तुमी."

ते बसले ते दीड तास बसले. सगळ्या ऑफिसात बूड टेकायला तेवढीच जागा होती. त्यांनी आपला अहवाल तिथेच लिहिला. जुनी आकडेवारी हवी होती, ती देवकत्यांनी पाच मिनिटांत काढून दिली. टाचण्या दिल्या, कागद लावून दिले, पाकिटावर पत्ता घातला आणि जावक क्रमांक टाकून दिला. जाताना एकजण म्हणाला, "फार सज्जन माणूस." अहवालात आवक-जावकचं पद अतिरिक्त ठरलं.

आदेश महिन्याभराने आला. देवकत्यांना कड्याला दिलं होतं. गेवराईच्या माणसाला कडा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, मधे बीड, रोजचं येणं-जाणं शक्यच नाही. नोकरीची तीन वर्षं उरली होती. हरकत घ्यायला आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या खुर्चीवर फायली होत्या. "जाधव सायेब, त्यो फॉरम परत भरता येतो का? आबाला सोडून जाता येत न्हाई. आन आबा मेंढरं सोडून येत न्हाई." मी इतक्या वर्षांत त्यांना काही मागताना पहिल्यांदाच पाहिलं.

मी म्हणालो, भरता येईल, पण तुमच्याकडे कुठकुठलं काम आहे ते दाखवावं लागेल. नमुना म्हणून त्यांनी बाकीच्यांचे तक्ते मागितले. नाही म्हणायला कारण नव्हतं. त्यांनी उभ्यानेच फाईल उघडली आणि एकेक पान वाचलं. माझं पान आलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो. पाच-सात मिनिटं लागली असतील.

"हे तर समदं वाटून झालंय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "मला लिवायला काय ऱ्हायलं न्हाई."

मला लाज वाटली. ती अजून वाटते, म्हणून तर हे लिहायला बसलो. माझ्या पानावरच्या दोन ओळी मी तिथल्या तिथे खोडू शकलो असतो. मी खोडल्या असत्या तर बाकीच्यांनाही खोडाव्या लागल्या असत्या, आणि कदाचित अतिरिक्त ठरणारं पद माझं असतं. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. तोंडातून जे आलं ते असं: "बघतो मी. साहेबांशी बोलतो. आज-उद्या जरा लोड आहे, पण बोलतो."

त्यांनी फाईलचे कागद सारखे केले, दोरी बांधली आणि ठेवून दिली. आठ दिवस गेले. मी साहेबांशी बोललो नाही. नवव्या दिवशी त्यांनी रेकॉर्डरूमची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, समोरची खुर्ची पुसली, फडकं पिशवीत टाकलं आणि नेहमीच्या गाडीने गेले.

नंतर साहेबांनी एक हुकूम काढला, तो या सगळ्यातला एकमेव न्याय म्हणायचा. पद गेलं तरी काम होतंच. ते कुणी करायचं? ज्याने आपल्या तक्त्यात जे लिहिलं होतं ते त्याच्याकडे. आता टपाल आम्ही वेगळं करतो आणि ते आठवडा-आठवडा पडून असतं. वाघमारे मॅडम अर्ज लिहून देतात आणि बोलत नाहीत, कारण खरोखरच फुरसत नसते. मी रेकॉर्डरूममध्ये धुळीत बसलेला असतो. आम्ही "लोड आहे" म्हणतो ते आता खरं असतं, आणि त्यामुळे ते म्हणायची मजा गेली आहे.

एक जुनी फाईल सापडेना, कोर्टाची तारीख जवळ आली, तेव्हा मी एका रविवारी कड्याला गेलो. लोकांना सांगताना मी "देवकत्यांना भेटायला गेलो" असं सांगतो. फाईल सापडली असती तर मी गेलो नसतो.

कारखान्याच्या रस्त्याला त्यांनी एक खोली घेतली होती. दाराबाहेर खाटेवर आबा बसले होते, मांडीवर तीच घोंगडी. मेंढरं विकली होती, हे मला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. उसाच्या बैलगाड्या जात होत्या. घुंगरं वाजली की म्हातारा हात थोडा पुढे करायचा आणि पुन्हा मांडीवर ठेवायचा. शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर धुतलेले कपडे वाळत टाकले होते.

"कोण हाय? बसा," आबा म्हणाले.

मी नाव सांगितलं. ते हसले, त्यांना मी आठवत होतो. "बिभीषण, तुझे बीडचे सायेब आलेत बघ."

देवकते बाहेर आले. दोन्ही हात पिठाने भरलेले. मला पाहून त्यांनी मान हलवली. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला, तो त्यांनी मनगटांत धरून घेतला आणि आबांच्या हातात दिला. मग मी काम सांगितलं, फाईलचा विषय सांगितला. त्यांना आठवावंही लागलं नाही.

"तिसरं कपाट. खालून दुसऱ्या कप्प्यात, निळ्या कापडात बांधलेली हाय."

मी वहीत लिहून घेतलं. पेन बंद करून खुर्चीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. कपडे उचलायला ते पुढे झाले नाहीत.

"कामात हाय जरा," देवकते म्हणाले.

रागाने नाही. जसं बोलायचे तसंच, हळू. मी "बरं, बरं" म्हणालो. आणखीही काहीतरी म्हणालो असेन, ते आठवत नाही. वळलो आणि रस्त्याला लागलो. चार पावलं गेलो असेन, तेव्हा मागून म्हाताऱ्याचा आवाज आला.

"गेले का रं? कावून, बसले न्हाईत?"

मी मागे पाहिलं. देवकते दारात पाठमोरे झाले होते, पिठाचे हात अंगापासून दूर धरून.

"त्यांना टाइम नव्हता, आबा," ते म्हणाले. "लई लोड हाय त्यांना."